ळ संपला होता म्हणून

मल्लूकाका गेले.

आणि माझ्या बहिणीच्या गोष्टीचा शेवट सोबत घेऊन गेले.

सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. "झोपेतच गेले," म्हणाला. मी "बरं" म्हणाले. नव्वदीला टेकलेल्या माणसाबद्दल दुसरं काय म्हणतात? फोन ठेवला आणि मग हमसून हमसून रडले.

सत्तरचं दशक, सोलापूर. आमच्या घरासमोर एक छोटा छापखाना होता आणि काका तिथे कंपोझिटर. मूळचे सीमेवरच्या मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, हातात शिशाचे खिळे. एकेक अक्षर उचलायचं आणि उलटं लावायचं.

दिवसभर लग्नपत्रिका नि हँडबिलं. महिन्यातून एकदा मात्र स्वतःचं चार पानी मासिक काढायचे. जादूच्या गोष्टी, खास दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी.

"बारक्यांना परी चालती, मोठ्यांना काय बी चालतंय. ह्या मधल्यांचं लई अवघड हाय बघ. ह्यांना जादू बी पायजे आन् ती खरी बी वाटाय पायजे."

कागदावर एक ओळ लिहायचे नाहीत. गोष्ट डोक्यातून थेट खिळ्यांत.

तर एका लग्नसराईत छापखान्यातला ळ संपला.

हसू नका. प्रत्येक पत्रिकेत स्थळ असतं, वेळ असते, सकाळ-संध्याकाळ असते. सगळे ळ लग्नाला गेलेले!

दुसरा कुणी असता तर अंक पुढे ढकलला असता. काकांनी गोष्टच तशी रचली: एक चेटक्या गावातला ळ पळवून नेतो.

शाळेची झाली शा. पोरं खूश. गूळ मागायला गेलेल्या आजोबांची काय फजिती झाली ते तुम्हीच ताडा.

गोष्टीतल्या मुलीचं नाव कमळी. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव, तिनेच हट्ट करून घालायला लावलेलं.

ळ गेल्यावर ती झाली कमी.

गल्लीभर आम्ही तिला "ए कमी, ए कमी" म्हणून चिडवलं. सगळ्यात जास्त मी.

शेवटी गाव एकत्र येऊन ळ परत मिळवायला निघतं, इथवर गोष्ट आली. पुढे मूठभर ळ लागणार होते. खणात एकच उरला होता आणि तो 'चेटक्याने ळ चोरला' या ओळीत खर्च झाला होता. पत्रिका छापून झाल्या की खिळे सुटतील, मग पुढच्या अंकात शेवट, असं ठरवून काकांनी खाली शब्द लावला.

क्रमशः

पुढचा अंक यायच्या आत कमळीला टायफॉइड झाला. काका केळी घेऊन हॉस्पिटलात आले.

"काका, कमीला तिचा ळ मिळतो का हो?"

"फुडच्या अंकात बघ की."

"आत्ताच सांगा ना."

"थांब की यव्वा. आत्ता सांगितलं तर मजा जाती."

यव्वा म्हणजे कानडीत आई. लाडाने पोरींनाही म्हणतात.

चौथ्या दिवशी कमळी गेली. अकरावं वर्षही लागलं नव्हतं.

तेराव्याला काका आमच्या दारात उभे राहिले. आत येईनात. मी धावत जाऊन त्यांच्यावर ओरडले, "आता तरी सांगा! मिळतो का ळ?"

"तिला सांगितलं न्हाय. आता कुणालाच न्हाय."

मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही.

त्या गोष्टीचं पुढचं पान कधी निघालं नाही. मासिक चालू राहिलं, पण त्यात 'क्रमशः' पुन्हा आलं नाही. गोष्ट मावेना तर काका टाइप बारीक करायचे, जाहिरात काढून टाकायचे, मालकाच्या शिव्या खायचे. शेवट मात्र त्याच अंकात.

आमच्या आईने त्यानंतर भाजीत मीठ कमी आहे असं कधी म्हटलं नाही. अळणी आहे म्हणायची.

पुढे मीही मुलांसाठी जादूच्या गोष्टी लिहायला लागले. पहिलं पुस्तक घेऊन गेले तर काकांनी आधी शेवटचं पान उघडलं. "संपवलीस न्हवं? बास."

गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा अंथरुणावरच होते. मी पुन्हा विचारलं. "काका, मीसुद्धा म्हातारी झाले. सांगा की आता."

"पाठ हाय मला. एक खिळा बी हलला न्हाय. पर पयला नंबर तिचा."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, अजून आहे. मलाही तो शेवट हवा होता. मी तिला कमी म्हणून चिडवलं होतं.

पण नंबर तिचाच आहे. कबूल.

काका, ती कधीची वाट बघतेय. आता मजा जाईल म्हणून थांबू नका. भेटल्या भेटल्या सांगून टाका.

आणि हाक मारताना ळ सकट मारा.