चावी कोणाच्या मोबाइलात?

कामरगावच्या स्टँडजवळ लॅपटॉप दुरुस्त करणारा एक माणूस आहे; तो दुकानातून नुसता बोलला, तरी त्या आवाजानं कारंज्याला निघालेली एसटी ब्रेक मारते. पण गिऱ्हाईक पासवर्ड टाकू लागलं, की हा भिंतीकडे तोंड करून बेसूर गाणं म्हणतो. बटणांचा आवाजही कानी पडायला नको म्हणून!

एकदा एक नर्सताई आल्या. लॅपटॉपात गावातल्या बायांच्या आजारांची माहिती होती. सगळी डिस्क कुलूपबंद हवी होती.

"यात आयतं कुलूप हाय," तो म्हणाला, "पण त्याची जादा चावी ई-मेलच्या खात्यात जाते. खातं कोनाच्या मोबाइलात हाय, ताई?"

"दिराच्या. त्यानंच काढून देल्लं."

"मंग हे नाही चालत." त्यानं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं. त्याची चावी फक्त ताईंपाशी.

आठवड्यानं दीर तोच लॅपटॉप घेऊन हजर. "भाऊ, वहिनीले सांगू नका. कोनाले काय झालं ते पाहाचं हाय. उघडून द्या."

"ठेवून जा. सांजच्याले ये."

मी माझा लॅपटॉप घेऊन तिथंच बसलो होतो. मला तो दुरुस्तीवाला एकदम नकोसा झाला.

सांजेला दीर आला. "उघडला का?"

"उघडला ना," बशीतल्या चहावर फुंकर मारत तो म्हणाला. "तुह्या वहिनीले फोन केलता. त्या आल्या, सोता उघडला, अन् घेऊन गेल्या."