मंत्र्याचा खून आणि गल्लीचं पाणी

एकच सिनेमा मी पंधरा दिवसांत दोनदा पाहिला. पहिल्यांदा नांदेडला, ऑफिसातल्या बायकांनी माझंही तिकीट काढून ठेवलं म्हणून. दुसऱ्यांदा लातूरला, पाण्यासाठी.

सिनेमा हिंदी, राजकारणातल्या खुनाचा. विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या दिवशी एका मंत्र्याला कुणीतरी मारतं आणि एक तरुण अधिकारी खुनी शोधत फिरतो. सगळं कारस्थान एका फाइलीत असतं. मी आस्थापना शाखेत चोवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला खुनापेक्षा त्या फाइलीचीच काळजी लागली. फाइल लालभडक, वर मोठ्या अक्षरांत ‘अतिगोपनीय’. म्हणजे चोरणाऱ्याला शोधायचा त्रास नको. आत एकच कागद. टिपणी नाही, आवक क्रमांक नाही. सरकार उलथवायला निघालेत आणि कागदाला पान नंबरसुद्धा घातलेला नाही. हीरो रेकॉर्ड रूममध्ये शिरतो आणि दीड मिनिटात ती फाइल घेऊन बाहेर येतो. आमच्या रेकॉर्ड रूमची किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असतो आणि त्याच्या रजेची फाइल आतमध्ये असते.

मंत्र्याच्या बंगल्यात कुणी दिवे लावत नाही. सगळे अंधारात बसून हळू बोलतात. बाहेर अर्ज घेऊन कुणी उभं नाही, बदलीसाठी आलेला मास्तर नाही, शाल-नारळ घेऊन आलेलं मंडळ नाही. अशा मंत्र्याला मारायचे कष्ट कोण घेईल? तो गेलेला तरी कुणाला कळेल?

खुनी त्याचा पीए निघतो. मला मध्यंतराच्या आधीच कळलं होतं, कारण पूर्ण सिनेमात काम करताना दिसणारा तो एकटाच. आणि शेवटच्या दृश्यात हा पीए राजभवनात उभा राहून स्वतःच मंत्रिपदाची शपथ घेतो. संपला सिनेमा. बायका म्हणाल्या, धक्कादायक. मी चप्पल शोधत होते.

त्यानंतर भाचीच्या साखरपुड्यासाठी मी दोन दिवस आधी लातूरला गेले. माझा धाकटा भाऊ तिथे राहतो, डाळ मिलच्या मागे नव्या प्लॉटिंगमध्ये, अगदी शेवटच्या गल्लीत. कार्यक्रम घरासमोरच मांडव घालून. साठ-सत्तर माणसं येणार, जेवणार. नळाला पाणी दहाव्या दिवशी येतं आणि आमची पाळी नेमकी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, दुपारी दोन ते तीन. तीनला तेच पाणी पलीकडच्या वॉर्डात वळवतात. मी पोचले तेव्हा हौदाचा तळ दिसत होता आणि भावजय पिंपात वाकून तांब्याने खरवडत होती.

“टँकर सांग,” मी म्हटलं.

“सांगून झालं आक्का. लग्नसराई हाय. तेरवाच्या आधी न्हाई म्हणतोय. आन् पाव्हणे तर परवा येऊन राहिले.”

तेवढ्यात वॉर्डातली एक कार्यकर्ती आली. हिला सगळे ताई म्हणतात. हातात यादी. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याने उद्या बारा वाजता महिलांसाठी पूर्ण थिएटर घेतलं होतं, फुकट. हा पुढारी गेल्या दोन निवडणुकांपासून होर्डिंगवर ‘भावी नगरसेवक’ आहे. नगरसेवक झाला नाही, भावी मात्र टिकून राहिला, म्हणून सगळा वॉर्ड त्याला भावीच म्हणतो. पाणी सोडायचं कंत्राट त्याच्या मेव्हण्याकडे आहे.

“महिलांमध्ये राजकीय जागृती करायची हाय,” ताई म्हणाल्या. “राजकारण किती घाण असतंय ते समजायला पायजे का नको?”

“ते समजवायला स्वतः भावी येणार?” मी विचारलं.

“येणार की. मध्ये भाषण हाय.” मग भावजयीकडे वळून म्हणाल्या, “तू ये बरं का. शेवटची गल्ली तुमची, पाण्याला जोर न्हाई. जे येतील त्यांच्या गल्लीच्या पाण्याचा वॉल पूर्ण उघडायला लावते मी.”

म्हणून आम्ही गेलो. भावाला मांडववाल्याकडे आणि भाचीला पार्लरमध्ये पाठवलं, घराला कुलूप लावलं. दोन वाजेपर्यंत परत येऊ, असा हिशेब होता.

बाराचा खेळ पाऊण वाजता सुरू झाला. प्रत्येकीला चिवड्याची पुडी मिळाली, पुडीवर भावीचा हात जोडलेला फोटो. चिवडा खाल्ला की बोटांचं तेल नेमकं त्याच्या तोंडाला लागायचं. पडद्यावर लाल फाइल आली आणि मी कपाळाला हात लावला. तोच सिनेमा!

मंत्र्याचा खून होतो न होतो तोच भावजयीने मला कोपराने ढोसलं.

“आक्का, ती बघा चावी.”

दोन रांगा पुढे, कडेच्या खुर्चीला एक लोखंडी चावी टेकवून ठेवली होती. छातीएवढी उंच, वर आडवा दांडा. जमिनीखालचा वॉल फिरवायची चावी. तिच्याशेजारी बसलेला माणूस म्हणजे आमच्या वॉर्डाचा वॉलमन. बायका कमी पडल्या म्हणून कंत्राटदाराने आपली सगळी माणसं खुर्च्या भरायला आणून बसवली होती.

“ह्यो हितं बसलाय,” भावजय म्हणाली, “मग आपलं पाणी कोण सोडून राहिलंय?”

हा प्रश्न एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला. दहा मिनिटांत अशी अवस्था झाली की हीरो गाड्यांवरून उड्या मारतोय आणि शंभर बायका त्या चावीकडे बघत बसल्यात. वॉलमन खुर्चीत नुसता सरकला तरी बायका पर्स उचलायच्या. त्या सिनेमाला जो थरार जमला नाही तो त्या लोखंडी दांड्याने आणला.

मध्यंतरात मी ताईंना गाठलं. पावणेदोन वाजले होते.

“वॉलमनला सोडा. पाळी दोनची आहे.”

“भावींना येऊन जाऊ द्या हो. फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर माझ्यावर येतंय.”

“आणि तीन वाजले तर?”

“आता न्हाई म्हणू नका मॅडम. पिक्चर बघा की, लई भारी हाय.”

भावजयीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. उद्या होणाऱ्या व्याह्यांसकट सत्तर माणसं दारात, आणि हात धुवायला पाणी नाही. मुलीच्या सासरचे हे पुढे वीस वर्षं उगाळतील, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी उठले आणि वॉलमनशेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. पन्नाशीचा माणूस, तोंड उघडं टाकून पडद्याकडे बघत होता.

“दादा, पाणी.”

“बसा की मॅडम. आता खुनी कळतोय.”

“अजून पाऊण तास कळत नाही तो. मला माहीत आहे.”

“पाऊण तास मी कुठं जात न्हाई. तीन वर्सांनी थेटरात आलोय.”

त्याचंही चुकलं नव्हतं. तेवढ्यात हीरोने एका बंद दाराला हात घातला आणि सिनेमा थांबला. दिवे लागले. भावी आला होता. पांढरेशुभ्र कपडे, मागे फोटोवाला. सत्कार सुरू झाले. मग भावीने माईक घेतला आणि म्हणाला की या सिनेमातल्यासारखं राजकारण आपल्याला संपवायचं आहे, त्यासाठी मी तुमच्या पाठीशी आहे.

वॉलमन वैतागला. “आता दार उघडत होता ना त्यो! ह्यो बाबा अर्धा तास बोलतोय बघा.”

“शेवट मी सांगते,” मी म्हटलं. “मी नांदेडला बघितलाय. चला, वॉलपाशी सगळा सांगते.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

तो उठला आणि त्याने चावी खांद्यावर घेतली. त्या चावीबरोबर सगळ्या बायका उठल्या. कुणी इशारा केला नाही, घोषणा नाही. चावी दाराकडे चालली आणि वॉर्ड तिच्यामागे चालला. भावी ‘माता-भगिनींनो’वर होता. फोटोवाल्याने सवयीने फोटो काढला. त्यात काय आलं असेल ते मला बघायला आवडलं असतं.

भावजय स्कूटीवर पुढे पळाली, मोटार लावायला. मी वॉलमनच्या मोटारसायकलवर मागे, चावी मांडीवर आडवी धरून. समोरून येणाऱ्या रिक्षा आपोआप बाजूला होत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी त्याने झाकण सरकवलं, चावी आत बसवली. अडीच वाजून गेले होते.

“बोला. खुनी कोण?”

“पीए.”

“त्यो चहा आणणारा? बाबो!” त्याने झराझरा आठ-नऊ आटे फिरवले. पाइपात गुरगुर झाली. “मग? घावला का?”

“नाही. तो मंत्री होतो.”

चावी थांबली.

“न्हाई न्हाई. असं कसं?”

“शपथ घेतो. सिनेमा संपतो.”

“मॅडम, तुमी बघितलाच न्हाई. मंत्री होतंय ते हितं, भाइर. पिक्चरमधी त्याला सोडत न्हाईत.” आणि त्याने चावीवरचे हात काढून घेतले. नऊ आट्यांचं पाणी आमच्या शेवटच्या गल्लीत करंगळीएवढं येतं.

चोवीस वर्षं मी कागदावर खोटं लिहू नका म्हणून लोकांना सुनावत आले आहे. मी घड्याळ पाहिलं.

“अहो, शपथ घेतानाच पकडतात. राज्यपालांसमोर बेड्या.”

दोन आटे.

“मारला का न्हाई त्याला?”

“मंत्र्याची बायको येऊन मुस्काटात देते. सगळ्यांसमोर.”

तीन आटे.

“आन् फाशी?”

“जन्मठेप. फाशी देणार होते, पण नको, तुरुंगात झिजत पडू दे म्हणाले.”

“ब्येस!” आणखी तीन. “त्याचा बंगला?”

“जप्त. तिथे मुलींचं वसतिगृह.” हे मी माझ्या पदरचं घातलं, पण वॉल पूर्ण उघडला. पाइप दणाणला. गल्लीच्या शेवटाकडून भावजयीची हाक आली, “आक्का, धो धो हाय!”

तीनच्या जागी सव्वातीनला त्याने वॉल बंद केला. हौद भरला, टाकी भरली, पिंपं, बादल्या, शेजारणीचं टिपाडसुद्धा.

साखरपुडा नीट झाला. त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या, पहिली पंगत उठली, आणि वॉलमन मांडवाच्या कडेला उभा दिसला. मी ताट वाढून दिलं. त्याने घेतलं, पण बसला नाही.

“काल संध्याकाळच्या खेळाला स्वतः तिकीट काढून गेलतो,” तो म्हणाला. “मंत्री झाला की हो त्यो.”

“झाला.”

“मुलींचं वसतिगृह बी न्हाई.”

“नाही.”

“लई खोटं बोललात.” रागाने नाही, नोंद करावी तसं म्हणाला. मग खिशातून कागद काढला. कंत्राटदाराने लेखी खुलासा मागितला होता: भावींचं भाषण चालू असताना सभागृह का सोडलं. संध्याकाळपर्यंत द्यायचा, नाहीतर उद्यापासून येऊ नको. “तुमी हापिसात असता म्हणं. लिव्हून द्या. ह्यो तरी खरा लिव्हा.”

मी एका हाताने खुर्ची ओढली आणि खरा लिहिला. दोन वाजता पाणी सोडण्याची माझी ड्यूटी असल्याने मी वॉलवर गेलो. वाचून दाखवला. भावीला आडवं जाऊन हा माणूस कामावर गेला, असंच त्यातून सिद्ध होत होतं.

मी तो फाडला आणि दुसरा लिहिला. मला अचानक पोटात कळ आल्यामुळे संडासास जावे लागले, तरी माफी असावी.

त्याने दोनदा वाचला.

“म्हंजे संडासला गेलो तर चालतंय. पाणी सोडायला गेलो तर न्हाई?”

“हो.”

“हे पिक्चरात दावा म्हणावं,” तो म्हणाला, मसालेभाताच्या ताटाखाली कागद धरून सही केली, आणि मग बसून जेवला.

दहा दिवसांनी भावजयीचा नांदेडला फोन आला. पाणी आलं होतं, वेळेवर, पूर्ण जोराने. वॉल सोडताना त्याने विचारलं होतं म्हणे, तुमच्या नणंदबाईंनी नवा पिक्चर बघितला का.