एकशे अठरा जण रोज गोळी घेतात

आमच्या वहिनींनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दोन वर्षांची पदवी एका वर्षात घ्यायची ठरवली. सार्वजनिक आरोग्य संवर्धनाची पदव्युत्तर पदवी. म्हणजे लोक आजारी पडल्यावर औषध देण्यापेक्षा ते आजारीच पडू नयेत म्हणून काय करावं, याचं शास्त्र. वहिनींच्या मते हे शास्त्र त्यांना सव्वीस वर्षं येतच होतं, फक्त त्याचा कागद नव्हता.

कागद हा माझा विषय. घराच्या खालच्या मजल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वर वहिनी आणि माझा मोठा भाऊ राहतात, दुकानामागच्या खोलीत मी. लग्न मी केलं नाही आणि त्याबद्दल विचारलेलं मला आवडत नाही. आजवर दोनेकशे प्रबंध मी बांधून दिले आहेत, त्यातला एकही वाचलेला नाही. वहिनींचा वाचला, कारण त्यात मी होतो.

वहिनी आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात नर्स. तिथले आरोग्य शिक्षण प्रमुख वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांचं काम नऊ वर्षं वहिनीच करत होत्या. ते फक्त सही करत, तीही वहिनी बोट ठेवतील तिथे. पण त्या खुर्चीत बसायला पदव्युत्तर पदवी लागते आणि अर्ज करताना वय पन्नासच्या आत लागतं. दोन वर्षं शिकत बसलं असतं तर पदवी हातात येईपर्यंत वय हातातून गेलं असतं. म्हणून हा जलद अभ्यासक्रम. त्यात एकच अट होती: प्रबंध ठरलेल्या तारखेला आला नाही, तर विद्यार्थ्याला गुपचूप दोन वर्षांच्या वर्गात ढकलतात. म्हणजे सगळ्यावर पाणी.

वहिनी उभ्या उभ्या शिकल्या. भाजी चिरताना व्याख्यान, भांडी घासताना व्याख्यान. फ्रीजवर दुधाच्या हिशेबाच्या जागी ‘वर्तनबदलाचे टप्पे’ लागले आणि त्या टप्प्यांत घरातली माणसं बसवली गेली. मी चहात तीन चमचे साखर घालतो, त्यावरून मला सांगण्यात आलं, “भाऊजी, तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यात आहात. बदलायला हवं हेच तुम्हाला पटलेलं नाही.”

मी म्हटलं, “पटलंय. बदलायचं नाही.”

असा टप्पा पुस्तकात नव्हता. त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही.

आता वहिनींच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. वहिनी वाईट नाहीत. एखाद्याला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतील, पण बसून त्याला ताप कसा त्याच्याच चुकीने आला ते सांगतील. त्या रस्त्याने निघाल्या की लोक सिगारेटी विझवतात. कोपऱ्यावरचा चांभार तर हातात काही नसतानाही हात मागे घेतो. सव्वीस वर्षांत त्यांनी या भागातल्या निम्म्या पोरांना सुया टोचल्या, आणि ती पोरं आता चाळिशीला टेकली तरी त्यांना बघून दंड चोळतात.

दादा वहिनींच्या अगदी उलट. तो शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. परीक्षानळ्या धुणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे, असं आवाज न करण्याचं काम. त्याला सहा वर्षं रक्तदाब आहे. वहिनी सकाळी कामावर जाताना बशीत गोळी काढून ठेवायच्या आणि संध्याकाळी आल्यावर विचारायच्या, “घेतली ना?” दादा म्हणायचा, “घेतली.” रक्तदाब मलाही आहे. माझ्याशीही हेच संभाषण व्हायचं.

प्रबंधाचा विषय हाच होता. आपल्या भागातले रक्तदाबाचे रुग्ण रोज गोळी घेतात का? केंद्राच्या यादीत एकशे वीस नावं होती. वहिनी पांढरा कोट घालून, वही घेऊन दारोदार गेल्या. एकशे अठरा जणांनी रोज गोळी घेत असल्याचं सांगितलं. उरलेल्या दोघांपैकी एक गाव सोडून गेला होता आणि एक वारला होता. वारलेल्याच्या बायकोने मात्र सांगितलं, की ते होते तोपर्यंत रोज घेत होते. त्या एकशे अठरांत दादा होता. मीही होतो.

वहिनींना तो आकडा बघून भरून आलं. सव्वीस वर्षांचं चीज झालं म्हणाल्या. मी पाठपोट छापून दिलं.

त्यांच्या मार्गदर्शक मॅडम एकतीस वर्षांच्या होत्या, म्हणजे वहिनींकडून सुई टोचून घेण्याच्या वयाच्या. त्यांनी तक्ता बघितला आणि शांतपणे विचारलं, “केंद्राच्या खिडकीवरून महिन्याला किती जण गोळ्या नेतात?”

वहिनींना तो आकडा पाठ होता. “पन्नास-पंचावन्न.”

“मग बाकीचे कुठल्या गोळ्या घेतात?”

वहिनी काही बोलल्या नाहीत. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि त्या बोलल्या नाहीत यावर माझा आधी विश्वास बसला नाही.

मॅडम म्हणाल्या, “लोक तुम्हाला घाबरतात का?”

“कोण घाबरतं? नावं सांगा,” वहिनी म्हणाल्या.

पाच आठवडे उरले होते. सर्वेक्षण पुन्हा करायचं, पण विचारायला वहिनी नकोत आणि उत्तरावर नाव नको, असं ठरलं. माझ्या दुकानात भागातला प्रत्येक माणूस कधी ना कधी ओळखपत्राची झेरॉक्स काढायला येतो, म्हणून पेटी माझ्या काउंटरवर ठेवायची. एका पानाचा फॉर्म. रोज गोळी घेता का? घेत नसाल तर का नाही? वहिनींनी मजकूर पाठवला त्यात वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘खरे लिहावे. खोटे लिहिलेले लगेच कळते.’ ती ओळ मी गाळली. आयुष्यात दुसऱ्याच्या मजकुराला मी तेवढाच एकदा हात लावला.

पहिले तीन दिवस पेटीत एकही फॉर्म पडला नाही. गिऱ्हाईक फॉर्म वाचायचं, वर जिन्याकडे बघायचं आणि घडी करून खिशात घालायचं. मग मी सांगून टाकलं, की वहिनींना दुकानाच्या पायरीवर यायची बंदी आहे. खरंच घातली होती. तीन आठवडे त्या मागच्या दाराने ये-जा करत होत्या. चांभाराने पहिला फॉर्म टाकला. त्यानंतर रांग लागली. एका बाईंनी तर मागची कोरी बाजूही भरली आणि आणखी एक पान मागून घेतलं.

पेटी मी उघडली. शहाण्णव फॉर्म. त्यातले एकसष्ट जण रोज गोळी घेत नव्हते. विसर पडतो, असं फारसं कुणी लिहिलं नव्हतं. गोळीने चक्कर येते, पोटात कालवतं, गळून गेल्यासारखं होतं, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. आणि मग, शब्द वेगळे पण गोष्ट एकच: सिस्टरना सांगितलं तर रागावतील. त्यापेक्षा घेतो म्हणणं सोपं.

त्रेचाळीस नंबरचा फॉर्म माझ्या हातात आला आणि मी तो काउंटरवर उलटा ठेवला. अक्षर छापल्यासारखं, सुटं सुटं, प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा. असं अक्षर मी एकाच माणसाचं पाहिलं आहे, तेही ॲसिडच्या बाटल्यांवर. लिहिलं होतं: ‘गोळी घेतली की उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा सांगणार होतो. तिचं बोलून झालं नाही.’

मला दादाचा राग आला आणि त्याची दयाही आली. एकाच घरात राहून त्याला माझ्या दुकानातल्या पेटीत तक्रार टाकावी लागली. फॉर्म फाडून टाकावा असं एकदा वाटलं. पण मी कागदाचा माणूस. फाडवला नाही. सगळा गठ्ठा वर नेऊन दिला.

वहिनी प्रत्येक फॉर्म वाचून त्यावर लाल पेनाने खूण करत होत्या. मी पाणी प्यायचं निमित्त करून तिथेच उभा राहिलो. त्रेचाळीसवर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी खूण केली आणि चव्वेचाळीस घेतला. मी तिसरा पेला पाणी प्यायलो.

पुढचे नऊ दिवस मी घरातल्या भूकंपाची वाट पाहिली. तो आला नाही. वहिनींनी एक सूचना लिहून दिली: ‘गोळीचा त्रास होत असेल तर ती बदलून मिळते. स्वतःहून बंद करू नका. येऊन सांगा. कुणी रागावणार नाही.’ मी पन्नास प्रती काढल्या. एक केंद्रात लागली, एक माझ्या दुकानात आणि एक त्यांच्या स्वतःच्या फ्रीजवर. दादाने चष्मा लावून ती वाचली आणि दूध काढून फ्रीज लावला. रोज सकाळी वहिनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजू लागल्या. सराव करते, म्हणाल्या. सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या नर्सला कसला सराव, हे दादाने विचारलं नाही. “काही त्रास होतो का?” असं त्या रोज विचारायच्या आणि चक्क गप्प राहायच्या. “काही नाही,” दादा म्हणायचा.

इकडे प्रबंध अडला होता. चौथ्या प्रकरणात त्यांनी सरळ लिहिलं होतं, की रुग्ण खरं सांगत नाहीत याचं मुख्य कारण या भागातली नर्स आहे. केंद्राच्या डॉक्टरांनी वाचून त्यांना बाजूला घेतलं. “सिस्टर, एवढं एक पान काढा. निवड समिती हेच वाचणार आहे. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता? तुम्ही नऊ वर्षं थांबलात या जागेसाठी.”

शेवटच्या दिवशी दुपारी चारला प्रबंध द्यायचा होता. बाराला वहिनी तेच पान, एकोणसाठावं, हातात घेऊन स्वयंपाकघरात बसल्या. मी खाली बाइंडिंगची तयारी करून वर आलो होतो. त्या पानावर निष्कर्षाखाली लोकांची वाक्यं जशीच्या तशी दिली होती.

दादा शाळेतून जेवायला आला. वहिनींनी पान त्याच्यापुढे ठेवलं. “अहो, हे वाचा. ठेवू की काढू, तुम्ही सांगा.”

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण वहिनींनी दादाला ‘तुम्ही सांगा’ म्हटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दादाने चष्मा लावला. वरून खाली वाचत आला. मध्ये एका ओळीवर थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“ठेव,” तो म्हणाला. मग चष्मा काढून म्हणाला, “यातलं एक माझं आहे.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पेटी उघडली त्या दिवसापासून.”

“मग बोलली कशी नाहीस?”

“नाव न लिहिता भरलेला फॉर्म होता,” वहिनी म्हणाल्या. “कुणाचा ते मला कळायला नको होतं.”

आणि वहिनी रडल्या. त्यांना रडता येतं हे मला माहीत नव्हतं. दादाला माहीत असावं, कारण त्याने न बघताच त्यांच्यापुढे रुमाल सरकवला. मग तो बोलायला लागला. पहिल्या गोळीपासूनचं सगळं: जिन्यात तोल गेला तो दिवस, हातातून फुटलेली काचेची बरणी, कुंडीत टाकलेल्या गोळ्या. त्या कुंडीतलं रोप का जळलं हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. वहिनी ऐकत होत्या. दोनदा त्यांचं तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी ते मिटलं. एक वाजून गेला, तेव्हा मीच म्हणालो की मला बाइंडिंगला दोन तास लागतात, बाकीच्या गोळ्या संध्याकाळी मोजा.

एकोणसाठावं पान लागलं. पावणेचारला प्रबंध पोचला. दादाची गोळी त्याच आठवड्यात बदलली.

पदवी मिळाली. मग मुलाखत झाली. समितीच्या अध्यक्षांनी तेच पान उघडून विचारलं, “लोक तुमच्यामुळे गोळ्या घेत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय?”

“हो. तक्ता पुढच्या पानावर आहे,” वहिनी म्हणाल्या.

जागा वहिनींना मिळाली. मागून कळलं, की दुसरा उमेदवार मुलाखतीला आलाच नव्हता. वहिनींना याचं थोडं वाईट वाटलं. एवढं सगळं केल्यावर त्यांना कुणाला तरी हरवायचं होतं.

नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स काढायला त्या दुकानात आल्या. पुढच्या दाराने. मी प्रत काढून दिली. तिची घडी घालता घालता त्यांनी सवयीने विचारलं, “भाऊजी, तुमची गोळी?”

मी सवयीने “घेतली” म्हणणार होतो. समोर भिंतीवर मीच छापलेली सूचना होती.

“नाही घेतली,” मी म्हटलं. “चार महिने झाले.”

वहिनींनी श्वास आत घेतला. तो किती मोठा असतो आणि त्यानंतर काय येतं, हे आम्हा घरच्यांना पाठ आहे. बाहेर चांभाराने हात मागे घेतला. मग त्यांनी तो श्वास सोडला, गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या.

“का?” त्यांनी विचारलं.

रागावल्यावर द्यायची उत्तरं मी चार महिन्यांपासून तयार ठेवली होती. त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं. मी मशीन बंद केलं, आणि एकटं राहणाऱ्या माणसाला चक्कर आली तर तो कुठे पडतो आणि किती वेळ तसाच पडून राहतो, ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला लागलो.