वरून दिसणारं लाल अंगण

समस्त बालाघाटकरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, काकू गेली तरी आमच्या घरातल्या शिंका बंद होणार नाहीत. शेजाऱ्यांनी नाकाला रुमाल लावावा आणि आम्हाला क्षमा करावी.

हा सगळा उपद्व्याप काकांचा. ते हवाई दलात होते. शत्रूच्या मुलखावर उडत जायचं आणि फोटो काढून आणायचे, एवढंच त्यांच्या विमानाचं काम. बॉम्ब नाही, बंदूक नाही, पोटात नुसते कॅमेरे. एकाहत्तरच्या लढाईआधी ते शेवटचे सुटीवर आले, तेव्हा नव्या नवरीने, म्हणजे काकूने, विचारलं, "वरून आपलं घर दिसते का?"

"कुठलं! सगळ्या छपरांचे कवेलू सारखेच. आंगनात मिरच्या वाळत घालत जा. लाल दिसलं का ओळखीन."

थट्टाच ती. पण काकूने कटंगीच्या बाजारातून पोतंभर मिरच्या आणवल्या. मग लढाई लागली, काका एका सकाळी फोटो काढायला गेले आणि... तारेत 'बेपत्ता' एवढंच लिहून आलं. काकूने तार ऐकली आणि मिरच्या परतायला अंगणात गेली.

तेव्हापासून पावसाची झड सोडली तर आमचं अंगण कायम लाल. रंग उडाला की नव्या मिरच्या. पाहुणा आधी शिंकायचा, मग नमस्कार करायचा. आमच्या जावयांचे हाल मी चारचौघांत साभिनय सांगतो, लोक पोट धरून हसतात. पण गोंदियाकडून शिकाऊ वैमानिकांचं एखादं छोटं विमान घरघरत आलं, की आमच्या घरातलं हसू जागच्या जागी विझायचं. काकू चुलीपासून उठायची आणि अंगणाच्या मधोमध मान वर करून उभी राहायची. आत तव्यावर पोळी काळी पडत असायची, घरभर धूर व्हायचा, पण ती काढायची कुणाची छाती होत नसे. आवाज विरला की काकू म्हणायची, "हे त्याइचं नोहे." आणि दुसरी पोळी लाटायला घ्यायची. कपाळावरचं कुंकू मात्र रोज ठसठशीत.

माझी बायको सुनीता एकटीच तिला टोचायची. "काकू, विमान तं येत नाही, आमाले खोकला मात्र रोज येते."

"येईन ना, बाई. तुले काहून घाई?"

यंदा काकूने अंथरूण धरलं. एका सकाळी घरघर ऐकू आली. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो... उठेल, निदान मान तरी वळवेल. विमान डोक्यावर आलं, पुढे गेलं, आवाज विरला. ती हलली नाही. डॉक्टर यायच्या आधीच आम्हाला कळलं होतं.

तेरवीच्या पंगतीसाठी अंगण मोकळं हवं होतं. मी मिरच्या पोत्यात भरायला बसलो. अवेळीच आभाळ काळं झालं होतं, पानही हलत नव्हतं. अर्धं अंगण उघडं पडलं असेल-नसेल, तोच गोंदियाच्या बाजूने घरघर सुरू झाली. भांडी मांडणारे हात थांबले. पन्नास माना वर वळल्या. आवाज जवळ येत गेला... आणि सुनीता कणकेच्या हातांनी आतून धावत आली, माझ्या हातातलं पोतं हिसकून तिने जमिनीवर उलटं केलं आणि ओरडली,

"अवो, पसरवा ना लवकर! काकाजी घर कसं ओळखतीन?"