वळच्या गाळ्यावरचं आसाम

वस्तूंच्या नोंदी केव्हाच संपल्या, किश्शांसाठी मात्र मला दुसरी वही घ्यावी लागली. वळ गावात, गोदामांच्या रांगेत एका गाळ्याच्या वर, बरुआ सरांचं आसामी संग्रहालय आहे. दोन खोल्यांत मुखवटे, झांजा, हातमागाची वस्त्रं, जुन्या पोथ्या. शाळेतून रिटायर झाल्यापासून मी तिथली नोंदवही सांभाळते.

*

पेंटरने बोर्डावर ‘आसाम’ एवढं मोठं लिहिलं की ‘संग्रहालय’ कोपऱ्यात मुंगीएवढं बसलं. महिनाभर लोक चहापत्तीचा होलसेल भाव विचारत आले. सर प्रत्येकाला समजावून थकले आणि शेवटी त्यांनी शेगडीच आणली. आता चहा उकळेपर्यंत माणूस मुखवटे बघतो. आमचे निम्मे प्रेक्षक असेच.

*

वाडा गावच्या शाळेतलं प्रदर्शन संपवून मुखवटे टेम्पोने परत येत होते. राक्षसाचा मुखवटा मागे मावेना, म्हणून ड्रायव्हरने त्याला पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला. अंबाडी नाक्यावर हवालदार कागद बघायला खिडकीशी वाकला आणि तसाच मागे सरला. “जाऊ दे,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून ड्रायव्हर दर आठवड्याला तो मुखवटा उसना मागतो.

*

पाहुण्याच्या गळ्यात लाल काठाचा गामोसा, म्हणजे आसामी पंचा, घालायचा, ही सरांची रीत. निजामपुऱ्यातले रशीदभाई पॉवरलूमवाले आले. त्यांनी गामोसा काढला, उलटा केला, उजेडात धरला आणि हळूच म्हणाले, “सर, ये तो हमारी गली का माल है.”

खास आसामहून मागवला होता सरांनी.

मग रशीदभाई सरांच्या आईने विणलेल्या वस्त्रापुढे बराच वेळ उभे राहिले. एका जागी वीण जराशी सैल होती, तिथे बोट दाखवून म्हणाले, “यहाँ अम्मा बीच में उठी थीं. बच्चा रोया होगा.”

*

गावातल्या यमुनाकाकू एकदा आमच्याकडचं लाकडी सिंहासन, आसामी प्रार्थनाघरात असतं तसं, बघायला आल्या. त्यावर मूर्ती नाही, काचेत फक्त पोथी. “देव कुठं हाय?” सर म्हणाले, ही पोथीच देव.

“मंग वाचत का न्हाय कुणी?”

पोथी वडिलांची; ते गेल्यापासून सरांनी ती उघडली नव्हती. दुसऱ्या दिवशी हात धुऊन त्यांनी काच सरकवली आणि वाचायला बसले. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. मध्येच थांबले, पुन्हा सुरू झाले. काकू पुन्हा आल्या होत्या, शेवटपर्यंत मांडी घालून बसल्या.

उठताना म्हणाल्या, “उद्या जरा लवकर बसा. मला भाकऱ्या टाकायच्या असतात.”