याफातल्या बाईचा फोटो

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. परदेशातल्या फोटोंबद्दल कुणी विचारलं की समुद्राचं सांगायचो, घड्याळाच्या मनोऱ्याचं सांगायचो आणि विषय बदलायचो. ज्या दोघींना हे कळायला हवं होतं त्यांतली एक आता नाही. दुसरीचं मला काहीच ठाऊक नाही. तरी लिहून ठेवतो.

जळगावात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं हेच मुख्य काम. प्रत्येक पाहुण्याला नवरा-नवरीशेजारी उभं राहून फोटो हवा असायचा आणि रोल तर मोजकेच. मग आम्ही एक युक्ती करायचो. फ्लॅशच्या मागे तो तपासण्यासाठी एक छोटं बटण असतं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, पण कॅमेऱ्याचं बटण न दाबता अंगठ्याने ते मागचं दाबायचं. लखकन उजेड पडायचा, पाहुणे खूश होऊन जेवायला जायचे आणि रोल जिथल्या तिथे राहायचा. 'नुसता फ्लॅश मार,' असं आम्ही एकमेकांना सांगायचो. त्यात कुणाचं नुकसान आहे असं मला कधी वाटलं नाही.

नव्वदनंतरच्या वर्षांत आमच्याकडच्या केळी-कापूसवाल्या शेतकऱ्यांचा एक गट ठिबक सिंचन बघायला इस्रायलला निघाला. फोटोंसाठी त्यांनी मला बरोबर घेतलं. शेतं, नळ्या, पाण्याच्या टाक्या असं सगळं पाहून झाल्यावर शेवटचा दिवस शहर बघायला मिळाला. तेल अवीवला लागून याफा नावाचं जुनं बंदर आहे. तिथे दगडी मनोऱ्यावर मोठं घड्याळ आहे. प्रत्येकाला त्याच्यासमोर एकट्याचा फोटो हवा होता.

"भाऊ, बठ्ठं घड्याळ दिसाले जोयजे," पारोळ्याकडचा एक कापूसवाला म्हणाला. त्याला अख्खं घड्याळ फोटोत हवं होतं.

"घड्याळच काढ रे त्याचं," रावेरच्या एका आबांनी टोला हाणला. "तोंड तर घरी रोज बघतात."

माझ्याकडे शेवटचा रोल होता, त्यातही थोडेच फोटो उरले होते. मधूनमधून मी माझ्या हौसेचेही काढत होतो. जाळं शिवणारा कोळी काढला. डोक्यावर पावांची फळी घेऊन चाललेला म्हातारा दोनदा काढला. असे चेहरे आपल्याकडे कुठे मिळणार, असं मनात होतं.

बाजूच्या अरुंद गल्लीतून बोलत चाललो असताना आमची बोली ऐकून वरून हाक आली. "ओ भाऊ, खानदेशातले का तुम्ही?"

पहिल्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. ती धावतच खाली आली. साठीच्या आतबाहेरची, अंगात झगा आणि स्वेटर, पण चेहरा अगदी आपल्याकडचा. तिचं घर बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. वडील बोदवड स्टेशनवर नोकरीला होते. ती तरुण असतानाच सगळं घर इस्रायलला येऊन स्थायिक झालं होतं. आमच्यात पारोळ्याचा माणूस आहे हे कळल्यावर तिने त्याचा हातच धरला.

"तिथं किल्ल्याजवळ माझी थोरली बहीण राहते. तिच्या घरी जाल?"

"जाऊ ना. निरोप काय सांगायचा?"

तिने ओले हात स्वेटरला पुसले. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "माझा एक फोटो काढा. तिला द्या."

"चिठ्ठी द्या ना सोबत," आबा म्हणाले.

"लिहायला बसले की सुचत नाही हो. फोटोच द्या. बघितला की तिला कळेल. थांबा, मी आलेच."

ती वर गेली आणि केस नीट करून, दोन्ही हातांवर एक जुनी गोधडी घेऊन आली. जिन्याच्या पायरीवर उभी राहिली. गोधडी पुढून नीट दिसावी म्हणून तिने ती उलगडून छातीशी धरली.

आपल्याकडच्या बाईसारखी बाई, तिच्यावर रोल कशाला घालवायचा, असं माझ्या मनात आलं.  मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि नुसता फ्लॅश मारला.

"आला?"

"झकास आला."

"अजून एक घ्या. माझे डोळे मिटले असतील."

मी पुन्हा अंगठा दाबला. नुसता फ्लॅश मारताना माणूस समोर नीट बघतही नाही. मीही बघितलं नाही. तिचा पत्तासुद्धा घेतला नाही. समुद्रावर पोचायची घाई होती.

परत आल्यावर कापूसवाला दोनदा त्या बाईचा फोटो मागून गेला. धुवून आले नाहीत, असं मी त्याला सांगत राहिलो. शेवटी ती थोरली बहीणच एस.टी.ने जळगावला आली. नऊवारी नेसलेली, हातावर गोंदलेलं. शेतकऱ्याच्या घरात तिचा जन्म गेला होता आणि बोलीही बरीचशी तिकडची झाली होती.

"मनी बहिणना फोटू तुमनापाशी शे म्हणतस," ती म्हणाली.

"अक्का, रोलला उजेड लागला. तेवढेच फोटो गेले."

भिंतीवर याफातला पाववाला म्हातारा मोठा करून लावला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

"कशी दिसत होती?" तिने विचारलं.

"तुमच्यासारखीच. एक गोधडी धरून उभी होती."

ती बाकावर बसली. "गोधडीचा काठ कोणता होता?"

मला माहीत नव्हतं. पण फोटो काढणाऱ्याने बघितलंच नाही, हे कसं सांगणार? बहुतेक गोधड्यांना असतो तोच रंग मी सांगितला. "लाल."

"लाल," ती म्हणाली. "मग आईची."

पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती आपणहून बोलायला लागली. तिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध पारोळ्याच्या एका शेतकऱ्याशी लग्न केलं होतं. वडिलांनी नाव टाकलं. घरचे सगळे कायमचे इस्रायलला निघाले त्या दिवशी ती बोदवडला फलाटावर गेली आणि स्वतः शिवलेली गोधडी खिडकीतून धाकटीच्या मांडीवर टाकली. धाकटीने वर पाहिलं नाही. वडील शेजारीच बसले होते. गाडी हलली.

"मनी निया काठनी व्हती," ती म्हणाली. निळ्या काठाची. "पुढच्या स्टेशनवर फेकली असेल. तिचाही काय इलाज."

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की मी पाहिलं नाही. मी चहा मागवला. तो न घेताच ती उठली.

ती गेल्यावर, उशिरा, मला साधी गोष्ट सुचली. गोधडी आईची असती तर याफातली बाई ती आणायला वर कशाला गेली असती? आईची गोधडी बघून बहिणीला नवीन काय कळणार होतं? ती निळ्या काठाचीच असणार. मला खात्री आहे. पण मी पाहिलेली नाही.

एकदा हे सांगायला पारोळ्याला गेलो. किल्ल्याच्या खंदकाजवळ तिचं घर सापडलं. ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिने ओळखलं, पाणी दिलं, कोणीकडे आलात म्हणून विचारलं. एका लग्नाचं काम आहे, असं मी सांगितलं. फोटोचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. पुढे काही वर्षांनी कापूसवाला बाजारात भेटला तेव्हा ती गेल्याचं कळलं.

त्या ओट्यावर मला हे म्हणायचं होतं. अक्का, रोलला उजेड लागला नव्हता. तुमच्या बहिणीचा फोटो मी काढलाच नाही. काठ लाल होता हे मी खोटं सांगितलं. तिने तुमची गोधडी जपून ठेवली होती आणि ती तुम्हाला दिसावी म्हणून ती जिन्यात उभी राहिली होती. मला माफ करा.