सरकारजमा दोरी

अणुभट्टीतलं जळून झालेलं इंधन ज्या खोल तळ्यात निवत ठेवतात, त्याची राखण करण्यात दोरीकाकांचा जन्म गेला. तळं छपराखालचं, पाणी निळं आणि नितळ. त्यात टाचणीही पडता कामा नये, म्हणून आत जाताना पेन, टॉर्च, चष्मा, सगळं अंगाला बांधायचं. काकांनी नव्या लोकांकडून हे इतकं घोकून घेतलं की त्यांचं नावच दोरीकाका पडलं. "काका, जीभही बांधून येता का?" अशी चेष्टा व्हायची. बायको गेल्यापासून ती खरीच झाली होती. घरी बोलायला भिंती, इथं पाणी.

चष्म्याची दोरी तिनं लोकरीची विणून दिलेली. ऑफिसातून दर वर्षी नवी नायलॉनची मिळायची, ती काका खणात टाकायचे. दुसऱ्यांच्या दोऱ्या ओढून बघणाऱ्या माणसाच्या गळ्यात सगळ्यात जुनी दोरी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्या दिवशी ते कठड्यावरून वाकले आणि लोकर तुटली. चष्मा दोरीसकट तळाशी गेला.

कुणी पाहिलं नव्हतं. निवृत्ती महिन्यावर आलेली, लेकीकडे राहायला जायचं ठरलेलं. गप्प राहून पुढे कधी गुपचूप काढून घेता आली असती; बोललं तर दोरी हातची जाणार हे काकांना पक्कं ठाऊक होतं. पण "पडलं की लगेच सांगा" हे वाक्य त्यांचंच. शिवाय ती पंपात अडकली तर? जड जिभेनं काकांनी सांगितलं.

लांब चिमट्यानं दोन्ही वर काढली. तपासणारी बाई लेकीच्या वयाची.

"काका, चष्मा धुऊन परत मिळेल. लोकर नाही. ती तळ्याचं किरणोत्सारी पाणी पिऊन बसलीय."

"एकदा हातात द्याल?"

"नाही हो देता येत."

दोरी पिशवीत गेली, पिशवी पिंपात.

"हे पिंप कुठं जाणार?"

"कायमची जागा अजून ठरतेय. तोवर इथंच."

"ठरतेय, ठरतेय म्हणता म्हणता मी म्हातारा झालो," काका म्हणाले. बाई हसली. काकांना मात्र हसू आलं नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, आईचं सगळं बांधलंत ना? मागे काही राहायला नको."

"एक दोरी राहिली गं. सरकारजमा झाली."

"अगोबाई! मग ती सांभाळणार कोण?"

"सरकार. कडक पहाऱ्यात. तू, मी, सगळे गेलो तरी."

काकांना रडू फुटलं. सवयीनं त्यांनी गळ्याशी हात नेला. तात्पुरत्या घातलेल्या जुन्या चष्म्याला बांधलेली खणातली नायलॉनची दोरी हाताला लागली, नवीकोरी, कधी न तुटणारी.